तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं : कोडशेअर प्रवासात हरवलेल्या बॅगेचं एक प्रकरण

डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान मँचेस्टरला लेकीकडे अडीच महिने राहून परत आले. दोन बॅगा चेक-इन केल्या होत्या, पट्ट्यावर एकच आली. दुसरी पंधराव्या दिवशी घरी पोचली, एक चाक तुटलेलं. त्यानंतर पैशांचा प्रश्न सुटायला आणखी आठ आठवडे गेले. हे प्रकरण नमुना म्हणून रचलेलं आहे, म्हणून कुटुंबाचं नाव नाही आणि विमान कंपन्यांचंही नाही. पण त्यातली प्रत्येक अडचण कोडशेअर प्रवाशांना, म्हणजे एका कंपनीच्या क्रमांकावर दुसरीच्या विमानाने जाणाऱ्यांना, नेहमी येणारी आहे आणि जवळजवळ प्रत्येक अडचण पहिल्या तासाभरात टाळता आली असती.

तिकीट ठाण्याच्या एजंटाकडून काढलेलं, मुंबई–मँचेस्टर–मुंबई. तिकिटावर सगळीकडे एकाच युरोपीय कंपनीचे फ्लाइट क्रमांक. परतीच्या प्रवासात मँचेस्टर ते युरोपातला मोठा विमानतळ हा टप्पा त्या कंपनीनेच उडवला. तिथून मुंबईचं विमान मात्र तिच्या भागीदार कंपनीचं होतं, पहिलीचा क्रमांक लावून उडालेलं. तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ अशी ओळ होती, यजमानांनी ती वाचलीही होती. पुढे गोंधळ नको म्हणून पहिलीला तिकीटवाली म्हणू आणि मुंबईत उतरवणारीला विमानवाली.

बॅग नेमकी कुठे अडकली

मधल्या विमानतळावर दोन विमानांमध्ये सव्वा तास होता. मँचेस्टरचं विमान चाळीस मिनिटं उशिरा पोचलं. उरलेल्या पस्तीस मिनिटांत माणसं धावतपळत गेटवर पोचतात, बॅग धावत नाही. ती विमानातून उतरते, गाडीवरून सॉर्टिंगच्या पट्ट्यावर येते, तिथला लेझर टॅगवरचा बारकोड वाचतो आणि त्या क्रमांकाचा संदेश संगणकात शोधतो. विमानतळाच्या भाषेत हा बीएसएम, म्हणजे बॅगेज सोर्स मेसेज. ही बॅग कोणाची आणि कोणत्या विमानात टाकायची, ते त्यात असतं. एकाच कंपनीची दोन्ही विमानं असतील तर हा संदेश तिच्याच यंत्रणेत फिरतो. कोडशेअरमध्ये तो एका कंपनीकडून दुसरीकडे जावा लागतो, आणि तिकिटावरचा क्रमांक व प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानाचा क्रमांक वेगळे असल्याने ताळमेळ चुकायला एक जागा वाढते. संदेश सापडला नाही, किंवा टॅग फाटून बारकोड वाचता आला नाही, की बॅग बाजूच्या पट्ट्यावर जाते. तिथे कर्मचारी हाताने क्रमांक टाकतो. रात्रीच्या गर्दीत तिथेच तासन् तास जातात.

विमान कंपन्यांना संगणक यंत्रणा पुरवणारी सिटा ही संस्था दरवर्षी बॅगांचे आकडे काढते. २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची गडबड झाली आणि उशिरा आलेल्या बॅगांपैकी ४१ टक्के विमान बदलताना मागे राहिल्या होत्या. म्हणजे पस्तीस मिनिटांत विमान बदललं असेल तर पट्ट्यापाशी उभं राहतानाच बॅग न येण्याची मनाची तयारी ठेवावी.

या बॅगेचं दुहेरी झालं. ती विमान बदलताना मागे राहिलीच, आणि सॉर्टिंगच्या वाटेत कुठेतरी टॅगही फाटून गळून पडला. टॅग नसलेली बॅग म्हणजे पत्ता पुसलेलं पाकीट.

टर्मिनल २, रात्री पावणेदोन

सहारला पट्टा थांबला तेव्हा निळी बॅग मिळाली होती, मरून रंगाची नव्हती. इथे त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली: कस्टमच्या ग्रीन चॅनेलमधून बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटर गाठला. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत येणं पास-परवानगीचं काम होतं, आणि ‘बॅग तुम्ही सुरळीत घेतलीत’ असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. ‘लॉस्ट अँड फाउंड’ या नावाने मात्र फसू नये. टर्मिनलमध्ये विसरलेल्या छत्र्या, मोबाइल सांभाळणारा विमानतळाचा विभाग वेगळा. न आलेल्या बॅगेची नोंद विमान कंपनीच्या किंवा तिच्या ग्राउंड हँडलिंग एजन्सीच्या काउंटरवर होते.

तिकीटवालीचा माणूस तिथे नव्हता. विमानवालीच्या काउंटरवरच्या मुलाने तिकीट पाहिलं आणि म्हणाला, “काका, तिकीट त्यांचं आहे, क्लेम त्यांच्याकडे टाका.” हे अर्धसत्य आहे आणि त्यापायीच लोक रिकाम्या हाताने बाहेर पडतात. पैशांचा क्लेम कुठे टाकायचा हा पुढचा प्रश्न. बॅग न आल्याची नोंद मात्र जिने तुम्हाला शेवटच्या विमानतळावर उतरवलं त्या कंपनीनेच करायची, तिकीट कोणाचंही असो. विमान कंपन्यांमधली रूढ पद्धत हीच आहे. काका हलले नाहीत. “आम्ही तुमच्या विमानातून उतरलो, नोंद इथेच करून द्या,” एवढंच म्हणाले. नोंद झाली.

त्या नोंदीला प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट म्हणतात, सगळे पीआयआर म्हणतात. ती वर्ल्डट्रेसर या यंत्रणेत जाते. सिटा आणि विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा यांची ही यंत्रणा जगभरच्या विमान कंपन्या वापरतात. नोंदीचा क्रमांक दहा खुणांचा असतो: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, मुंबईसाठी बीओएम, मग कंपनीची दोन अक्षरं, मग पाच आकडे. हा क्रमांक हातात असल्याशिवाय काउंटर सोडू नये. “एसएमएस येईल” यावर तर मुळीच नाही.

चूक इथे झाली

दोन्ही बॅगा यजमानांच्या नावावर चेक-इन झाल्या होत्या. टॅगचे दोन छोटे स्टिकर त्यांच्या बोर्डिंग पासच्या मागे एकावर एक चिकटवलेले, खालचा अर्धा झाकलेला. टॅगचा क्रमांक दहा आकड्यांचा. पहिला आकडा टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन कंपनीची ओळख, उरलेले सहा त्या बॅगेचे. दोन बॅगा एकामागून एक ठेवल्या की क्रमांकही लागोपाठचे येतात. यांचे शेवटचे आकडे ४१८ आणि ४१९ होते. काउंटरवरच्या मुलाला वरचा स्टिकर दिसला, त्याने ४१८ टाइप केला.

४१८ ही निळी बॅग होती. ती त्यांच्या ट्रॉलीवरच होती.

मग जे झालं ते क्रमाने सांगतो, कारण या एका आकड्याने सहा दिवस खाल्ले. पीआयआरवर रंग मरून, क्रमांक निळ्याचा. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर उत्तर आलं, “सर, आमच्या नोंदीत बॅग मुंबईला आलेली आहे.” खरंच होतं ते. ४१८ मुंबईत उतरलीच होती. त्यावरून कंपनीचा कयास असा की दुसऱ्या कोणीतरी चुकून उचलली. मग त्याच विमानातल्या तशाच रंगाच्या बॅगा नेणाऱ्यांना फोन गेले. तिसऱ्या दिवशी काका टॅक्सीने सहारला जाऊन आले, आत सोडलं नाही, परत आले. वेबसाइटवर रोज तीच ओळ: शोध सुरू आहे. आणि ४१९ क्रमांकाचा इतिहास कोणी उघडून पाहिलाच नव्हता.

ही चूक टाळायला अर्धा मिनिट लागतो. जी बॅग आली तिच्या हँडलवरच्या लांब टॅगचा क्रमांक काउंटरवर मोठ्याने वाचा, तो स्टिकरांमधून वजा करा, जो उरला तो हरवलेल्या बॅगेचा. पीआयआरची प्रत हातात आल्यावर तोच क्रमांक बोट ठेवून ताडून पाहा. चेक-इनच्या वेळी प्रत्येक बॅगेचा टॅगसकट फोटो काढला असेल तर वादच उरत नाही. बॅगेचा रंग, चाकं, हँडल, शेवटचं ठिकाण बीओएम छापलंय का, सगळं एका फोटोत येतं. हा फोटो काढायची सवय आम्ही सगळ्या उपायांच्या वर ठेवतो.

सातव्या दिवशी चूक सापडली ती लेकीमुळे. तिने आईकडून बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला, स्टिकर नखाने उचलायला लावला आणि दुसरा क्रमांक दिसला. विमानवालीला मेल गेला: पीआयआर क्रमांक अमुक, त्यात टॅगचा शेवट ४१८ नोंदवला आहे, ती बॅग आम्हाला मिळाली आहे, हरवलेली ४१९ आहे, सोबत दोन्हींचे फोटो. नवीन पीआयआर मागायचा नसतो, असलेलाच दुरुस्त करून घ्यायचा. दोन नोंदी झाल्या की शोधही दोन वाटांनी फुटतो आणि पुढे ‘पहिल्या रात्री नोंद केलीच नव्हती’ असा आक्षेप येऊ शकतो.

दुरुस्ती झाल्यावर तासाभरात इतिहास दिसला. २०१८ पासून आयाटाच्या ठराव ७५३ प्रमाणे सदस्य कंपन्यांनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका कंपनीकडून दुसरीकडे देताना आणि शेवटी प्रवाशाला परत देताना. ४१९ मँचेस्टरला घेतल्याची आणि विमानात चढवल्याची नोंद होती. पुढे काहीच नाही. म्हणजे मुंबईत शोधायचं कारणच नव्हतं. बॅग मधल्या विमानतळावर होती आणि टॅगच्या आधारे ती दिसत नव्हती.

सोऱ्या

टॅग नसलेली बॅग ज्या विमानतळावर सापडते तिथे तिची वेगळी नोंद होते: रंग, आकार, बाहेरचं नाव, आणि काही दिवसांनी उघडून आत काय दिसलं ते. एकीकडे हरवल्याच्या नोंदी, दुसरीकडे सापडल्याच्या, आणि वर्ल्डट्रेसर त्यांच्या जोड्या लावत बसतं. रंग आणि आकार आयाटाच्या चित्रतक्त्यावरून निवडायचे असतात. काउंटरवर तो तक्ता मागून स्वतः बोट ठेवावं. मरूनला कोणी लाल म्हणेल, कोणी तपकिरी. पण मरून, चाकांची, मधल्या आकाराची बॅग मोठ्या विमानतळाच्या गोदामात शेकड्याने असते. तिथे रंगाने काही होत नाही, आतल्या वस्तूंनी होतं.

पहिल्या रात्रीच्या फॉर्मवर आतल्या वस्तूंच्या रकान्यात लिहिलं होतं: कपडे, भेटवस्तू. जगातल्या प्रत्येक बॅगेत हेच असतं. आठव्या दिवशी विमानवालीने सविस्तर यादीचा फॉर्म पाठवला तेव्हा बाईंनी शांतपणे बसून आठवून लिहिलं. जांभळी इरकल साडी, काठ हिरवा. नातवाने रंगवलेला मातीचा हत्ती, सोंड तुटून चिकटवलेली. आणि पितळी सोऱ्या, सहा चकत्यांसकट. दिवाळी लेकीकडे केली होती, तिथे चकल्या पाडायला नेलेला आणि मुलगी ठेवून घे म्हणाली तरी परत आणलेला.

समोरचा कर्मचारी मराठी नाही, भारतीयही नाही, हे धरून ही यादी लिहायची. लेकीने इंग्रजीत सोऱ्याचं वर्णन केलं ते असं: पितळेचं नळकांडं, उंची साधारण वीस सेंटिमीटर, वर फिरवायचा दांडा, आत वेगवेगळ्या आकाराच्या भोकांच्या सहा गोल धातूच्या चकत्या. सोबत फोटो, दिवाळीत काढलेला, चकली पडतानाचा. ‘किचन आयटम’ लिहिलं असतं तर बॅग अजून तिथेच असती.

बाराव्या दिवशी जोडी जुळली. गोदामातल्या माणसाने बॅग उघडून नळकांडं आणि चकत्या नोंदवल्या होत्या. ते काय आहे हे त्याला कळायची गरजच नव्हती.

बॅगेच्या आत, सगळ्यात वर, नाव आणि भारतातला मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद ठेवला असता तर हे आठवडाभर आधी झालं असतं. बाहेरचं लेबल टॅगबरोबरच निघून जातं.

परत येताना कस्टम

अशी बॅग नवा रश टॅग लावून पाठवतात. त्याचा क्रमांक जुन्याहून वेगळा असतो, तेव्हा ‘कोणत्या विमानाने, कोणत्या रश टॅगवर’ एवढं विचारून लिहून ठेवावं. चौदाव्या दिवशी बॅग मुंबईत उतरली आणि कस्टममध्ये थांबली. क्ष-किरणात पितळेचं जाड नळकांडं काळंकुट्ट दिसलं, तिथल्या अधिकाऱ्याने उघडायला सांगितलं, बॅगेला आकड्यांचं कुलूप. एरवी पासपोर्टची प्रत, सहीचं अधिकारपत्र आणि कुलपाचा आकडा दिला की कंपनीचा माणूस बॅग सोडवून घरपोच करतो. हा आकडा कोणी विचारलाही नव्हता आणि दिलाही नव्हता, त्यामुळे काकांना पुन्हा सहार गाठावं लागलं. या वेळी बोलावणं कंपनीचं होतं आणि त्यांनी ते मेलवर मागून घेतलं. पुढे ते उपयोगी पडलं.

परदेशातून खरेदीचा माल घेऊन येणाऱ्यांनी आणखी एक कागद पहिल्याच रात्री घ्यावा. बॅग न आल्याचा कंपनीचा दाखला, त्यावर कस्टमची सही, आणि ड्यूटी-फ्री सवलतीतला किती भाग वापरायचा राहिला याचा उल्लेख. बॅग मागाहून आल्यावर उरलेली सवलत त्या कागदावर मिळते. या जोडप्याकडे खरेदीचं फारसं काही नव्हतं म्हणून निभावलं.

बॅग घेताना सही करण्याआधी ती काकांनी उलटी करून पाहिली. एक चाक मुळापासून उखडलेलं. ‘बॅग सुस्थितीत मिळाली’ या छापील ओळीशेजारी त्यांनी ‘एक चाक तुटलेलं’ लिहिलं आणि मग सही केली.

दोन एकवीस आणि एक सात

इथून पैशांची बाजू. भारतातून निघून भारतात परत येणारा आंतरराष्ट्रीय प्रवास असल्याने लागू होतो तो १९९९ चा माँट्रियल करार. भारतात तो २००९ पासून लागू आहे, कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीत. त्यातल्या मुदतींची लोक सरमिसळ करतात.

पहिले एकवीस दिवस बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून. तोवर आली नाही, किंवा कंपनीने त्याआधीच कबूल केलं, तर ती हरवली असं धरून पूर्ण भरपाई मागता येते. कंपनी आणखी थांबायला सांगेल, थांबायचं बंधन नाही. दुसरे एकवीस दिवस बॅग हातात मिळाल्यापासून. उशिरामुळे झालेल्या खर्चाची लेखी तक्रार तेवढ्यात गेली पाहिजे. सात दिवस मोडतोडीसाठी, तेही हातात आल्यापासून, आणि तेही लेखी. आतली एखादी वस्तू गायब असेल तर आम्ही तीही याच सातांत लिहायला सांगतो. दावा दाखल करायची शेवटची मुदत दोन वर्षं.

पीआयआर म्हणजे तक्रार नव्हे, असं बऱ्याच कंपन्यांच्या फॉर्मवरच छापलेलं असतं. तो शोधाचा कागद. मुदतीत वेगळा मेल गेलाच पाहिजे. चाकाचा मेल या कुटुंबाने त्याच रात्री पाठवला, खर्चाचा दहा दिवसांनी.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रुपयांत एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास किंवा थोडं वर, रोजच्या दराप्रमाणे. ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. नुकसान दाखवावं लागतं. मर्यादा बॅगेमागे नाही, प्रवाशामागे आहे, आणि दोघांचं सामान एका बॅगेत असेल तर टॅग कोणाच्याही नावावर असला तरी दोघांनाही आपापला हक्क आहे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये एका स्पॅनिश कुटुंबाच्या प्रकरणात म्हटलं. भारतातल्या ग्राहक आयोगांना ते बंधनकारक नाही, पण तक्रारीत पती-पत्नी दोघांची नावं घालायला काही खर्च येत नाही.

हा झाला आंतरराष्ट्रीय हिशेब. निव्वळ देशांतर्गत प्रवासात मर्यादा २०,००० रुपयांची आहे. परदेशाहून येताना मुंबई–नागपूर टप्पा एकाच तिकिटावर असेल आणि बॅग तिथे हरवली, तर देशांतर्गत मर्यादा पुढे करू देऊ नये. एकाच करारातला टप्पा आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग असतो.

टोलवाटोलवी कशी थांबली

खर्चाचा मेल सुरुवातीला फक्त तिकीटवालीला गेला. उत्तर: बॅग मुंबईत पोचवायचं काम भागीदार कंपनीचं, त्यांच्याशी बोला. विमानवालीचं उत्तर: बॅग आमच्याकडे सोपवलीच गेली नाही, तिकीट त्यांचं, त्यांच्याशी बोला. दोन्ही उत्तरं सभ्य भाषेत, दोन्ही आपापल्या परीने बरोबर वाटणारी.

माँट्रियल कराराचं पाचवं प्रकरण नेमकं याचसाठी आहे. ज्या कंपनीने करार केला, म्हणजे तिकीट दिलं, ती संपूर्ण प्रवासाला जबाबदार, आणि जिने प्रत्यक्ष उडवलं ती आपल्या टप्प्याला जबाबदार. उडवणाऱ्या कंपनीच्या चुका तिच्या टप्प्यापुरत्या करार करणारीच्याही मानल्या जातात. कलम ४२ प्रमाणे दोघींपैकी एकीकडे केलेली तक्रार दुसरीकडेही केल्यासारखीच. कलम ४५ प्रमाणे दावा कोणावर लावायचा, एकीवर की दोघींवर, हे प्रवासी ठरवतो. चूक कोणाच्या पट्ट्यावर झाली हे शोधणं प्रवाशाचं काम नाही. त्या दोघी आपसातल्या कराराप्रमाणे वाटणी करतात.

म्हणून दुसरा मेल एकच लिहिला, दोघींना एकत्र, एकीलाही सीसीत न टाकता. वर पीआयआर क्रमांक, तिकीट क्रमांक, दोन्ही प्रवाशांची नावं. मग चार ओळी: बॅग यायची तारीख, मिळाल्याची तारीख, कलम १९ खाली उशिराचा आणि १७ खाली चाकाचा क्लेम, ४१, ४२ आणि ४५ प्रमाणे दोघीही उत्तरदायी. मग खर्चाचा तक्ता आणि बिलं. शेवटी तीस दिवसांची मुदत. भाषणबाजी नाही, मनस्तापाचं वर्णन नाही. आमच्या मते अशा मेलचं बळ त्याच्या कोरडेपणात असतं, कारण वाचणारा माणूस रकाने भरत असतो.

तक्ता असा होता. काकांचा वाचायचा चष्मा ७,४००. दोघांची रक्तदाब आणि थायरॉइडची औषधं १,८६०. कानाच्या यंत्राचा चार्जर ९,५००. सहारच्या दोन खेपा प्रत्येकी १,९००. चाक बसवायचे १,२००. एकूण २३,७६०.

‘तुम्ही घरीच आलात, मग तातडीचा खर्च कसला’ हा आक्षेप मुंबईला परतणाऱ्यांना हमखास येतो. परगावी असताना कपडे-साबण घ्यावे लागतात हे खरं, पण करारात घरी येणारा आणि घरून जाणारा असा फरक नाही. बॅग नसल्यामुळेच तो खर्च झाला, एवढं दाखवायचं. कपडे त्यांनी मागितलेच नाहीत आणि ते शहाणपणाचं होतं. औषधं मात्र मुळात चेक-इन बॅगेत जायला नको होती. जवळ तीन दिवसांचा साठा होता म्हणून बरं. औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, मूळ कागदपत्रं हातातल्याच बॅगेत. रोख आणि दागिन्यांची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींत नाकारतातच, आणि प्रवाशाचा हलगर्जीपणा हा करारातही भरपाई कमी करायचा आधार आहे.

उत्तर विमानवालीकडून आलं, पंचवीस दिवसांनी. औषधं आणि चार्जर पूर्ण, चष्मा निम्मा, कारण ‘वस्तू तुमच्याकडेच राहते’. खेपा आणि चाक नामंजूर. एकूण १५,०६०, आणि सोबत सही करायचा फॉर्म: ही रक्कम पूर्ण आणि अंतिम समजून सर्व हक्क सोडतो.

हा फॉर्म सही करू नये, किंवा ‘आक्षेप राखून स्वीकारत आहे’ लिहून करावी आणि कंपनी तसं मानते का ते लेखी घ्यावं. काकांनी सही केली नाही. उत्तरात तीनच गोष्टी जोडल्या. नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी, जुना चष्मा बॅगेत होता आणि त्याविना औषधांच्या पट्टीवरचं वाचता येत नाही अशी. दुसऱ्या खेपेला कंपनीनेच बोलावल्याचा मेल. आणि चाकाची नोंद असलेली डिलिव्हरीची पावती, दुरुस्तीच्या दुकानाच्या बिलासह. खाली एक ओळ: पंधरा दिवसांत निर्णय न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार.

ही ओळ पोकळ नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तिकिटासारख्या पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीला शुल्क नाही, ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. परतीच्या तिकिटावर शेवटचं ठिकाण मुंबई असल्याने माँट्रियल कराराच्या कलम ३३ खालीही भारतात दावा चालतो. विरुद्ध पक्ष म्हणून दोन्ही कंपन्या घालायच्या. तिकीटवालीला वगळणं ही इथली मोठी चूक ठरली असती, कारण संपूर्ण प्रवासाची जबाबदारी निर्विवादपणे तिच्यावर आहे. मधल्या विमानतळावर बॅग हस्तांतरच झाली नाही असं विमानवालीने सिद्ध केलं असतं, तर एकटीवर लावलेला दावा डळमळला असता.

प्रवासाचा विमा होता, पण त्यातून काही आलं नाही. अनेक पॉलिसींत बॅगेच्या उशिराचं कलम परदेशात पोचतानापुरतंच असतं, भारतात परततानाचा उशीर वगळलेला. पॉलिसी घेताना ही एक ओळ शोधावी.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. दुसऱ्या उत्तरानंतर अकराव्या दिवशी २१,८६० मंजूर झाले. नामंजूर राहिली ती तिसऱ्या दिवशीची आपणहून केलेली खेप, आणि तिच्यासाठी त्यांनी पुढे भांडण केलं नाही. रक्कम रद्द केलेल्या धनादेशाच्या प्रतीवरून एनईएफटीने विमानवालीकडून जमा झाली. तिकीटवालीचा त्यात किती वाटा होता हे कोणी कळवलं नाही. मेलचा धागा, ४१८ आणि ४१९ चे स्टिकर आणि डिलिव्हरीची पावती एका पाकिटात घालून काकांनी वर दोन वर्षांनंतरची तारीख लिहून ठेवली.